तारखा एक दिवस मागे का जातात? सर्व्हरची वेळ, ब्राउझरची वेळ आणि मधले साडेपाच तास

अर्धविराम:

ऑनलाइन तबलावर्गाची साइट आहे. गुरुजी पुण्यातून शिकवतात. विद्यार्थी पुणे-नाशिकचे आहेत, तसेच न्यू जर्सी, लंडन, दुबई आणि सिडनीचेही. मागे (सर्व्हरवर) पीएचपी ८ आणि मायएसक्यूएल डेटाबेस, पुढे (ब्राउझरमध्ये) कुठलंही फ्रेमवर्क नसलेली साधी जावास्क्रिप्ट. होस्टिंग शेअर्ड, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट.

अडचणी तीन. एक, २६ जानेवारीच्या सुट्टीची नोंद कॅलेंडरमध्ये २५ तारखेला दिसते, तीसुद्धा भारतातल्याच ब्राउझरमध्ये. दोन, वर्गाची वेळ प्रत्येकाला त्याच्या गावच्या घड्याळाने दिसायला हवी. हे रूपांतर पीएचपीत करायचं की जावास्क्रिप्टमध्ये? तीन, डेटाबेसमध्ये नेमकं काय साठवायचं? सध्या पीएचपीचं डेट फंक्शन जे देईल ते डेटटाइम कॉलममध्ये जातं.

ओट्यावरचा:

सगळं यूटीसीत (जगाची सामायिक वेळ, आपल्या साडेपाच तास मागे) साठवा आणि दाखवायचं काम ब्राउझरवर सोडा. विषय संपला.

लंबक:

विषय तिथे सुरू होतो, ओट्यावरचा. यूटीसी हे उत्तर एका प्रकारच्या वेळेला लागू पडतं, आणि इथे तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार म्हणजे घडून गेलेला क्षण. फी कधी भरली, लॉगिन कधी केलं, संदेश कधी आला. पृथ्वीवर सगळीकडे तो क्षण एकच, म्हणून यूटीसीत ठेवायचा. याबद्दल वाद नाही.

दुसरा म्हणजे ठरवलेली घड्याळी वेळ. ‘दर रविवारी संध्याकाळी ७:३०, पुण्याच्या घड्याळाने’ हा क्षण नव्हे, हा करार आहे. इथे तारीख-वेळ आहे तशी साठवायची आणि शेजारच्या कॉलमात झोनचं (टाइमझोनचं) पूर्ण नाव, म्हणजे एशिया/कोलकाता. नुसता +०५:३०, म्हणजे यूटीसीपासूनचा फरक किंवा ऑफसेट, पुरत नाही. भारतापुरतं त्याने भागतं, पण न्यूयॉर्कचा −०५:०० हा फक्त हिवाळ्यातला आकडा आहे. आणि सरकारं नियम बदलतात. मेक्सिकोने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये बहुतेक देशातली उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करण्याची रीत) बंद केली, इजिप्तने २०२३ च्या एप्रिलमध्ये ती पुन्हा आणली, कझाकस्तानने १ मार्च २०२४ पासून सगळा देश +५ वर आणला. सहा महिन्यांनंतरचा कार्यक्रम आज यूटीसीत गोठवला आणि मधे नियम बदलला, की साठवलेला आकडा चुकतो. घड्याळी वेळ आणि झोनचं नाव ठेवलं असेल तर सर्व्हरवरची झोन-यादी अद्ययावत केली की पुरतं.

तिसरा, नुसती तारीख. जन्मतारीख, सुट्टी, फीची शेवटची तारीख. हिला झोन नसतो आणि तो चिकटवूही नये. तुमचा २६ जानेवारीचा घोळ यातलाच. जावास्क्रिप्टमध्ये वर्ष, महिना, दिवस असे तीन आकडे देऊन डेट बनवली की ती त्या संगणकाच्या मध्यरात्रीची बनते. मग कोणीतरी तिच्यावर टूआयएसओस्ट्रिंग (तारीख-वेळ यूटीसीत लिहून देणारं फंक्शन) चालवतो आणि पहिली दहा अक्षरं कापून घेतो. भारतातली २६ ची मध्यरात्र म्हणजे यूटीसीत २५ जानेवारी १८:३०. कापलेल्या दहा अक्षरांत २५ येणारच.

उलट दिशेचा बग यापेक्षा लबाड आहे. ‘२०२६-०१-२६’ ही नुसत्या तारखेची स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) डेटला दिली तर ती यूटीसीची मध्यरात्र मानली जाते. भारतात ती पहाटेची ५:३० दिसते, तारीख तीच राहते, सगळे खूश. न्यू जर्सीत तीच स्ट्रिंग २५ जानेवारी संध्याकाळी ७ होते. पुण्यात बसून तपासलं तर हा बग कधीच सापडणार नाही. त्यातच त्याच स्ट्रिंगला पुढे टी आणि ००:०० जोडलं की ती स्थानिक वेळ मानली जाते. म्हणजे वेळ जोडली की स्थानिक, काढली की यूटीसी. हा नियम भाषेच्या प्रमाणातच आहे, ब्राउझरला दोष देऊ नका.

उपाय: तारीख शेवटपर्यंत स्ट्रिंग म्हणूनच वागवा, डेट ऑब्जेक्टच्या वाटेला जाऊ नका. कॉलम डेट प्रकारचा ठेवा. दाखवताना वर्ष-महिना-दिवस तोडून लिहा, किंवा जावास्क्रिप्टमधल्याच इंटलच्या डेटटाइमफॉरमॅटला टाइमझोनमध्ये यूटीसी सांगून फॉरमॅट करा.

(फंक्शनची नावं सगळी उच्चाराप्रमाणे लिहितोय, कोडमध्ये अर्थातच रोमन.)

खटका:

लंबक यांना एक जोड. मागे पीएचपीऐवजी नोड (सर्व्हरवरची जावास्क्रिप्ट) असेल तर हा घोळ तुम्ही न करता डेटाबेसशी जोडणारा ड्रायव्हरच करून ठेवतो. पोस्टग्रेस या डेटाबेसचा पीजी ड्रायव्हर डेट कॉलमची स्थानिक मध्यरात्रीची डेट बनवतो, जेसनमध्ये जाताना ती यूटीसी होते आणि भारतीय झोन असलेल्या सर्व्हरवरून ‘१८:३०’ शेपटी लागलेली आदल्या दिवसाची तारीख बाहेर पडते. पीजीमध्ये १०८२ क्रमांकाच्या प्रकाराला सेटटाइपपार्सर लावून स्ट्रिंग तशीच परत करा. मायएसक्यूएल२ या ड्रायव्हरमध्ये डेटस्ट्रिंग्ज चालू करा.

पावणेदोन:

भारतातल्या लोकांना एक सोय आहे. आपला फरक साडेपाच तासांचा, त्यामुळे चूक किती तासांची आहे यावरूनच ती कुठे झाली ते बऱ्यापैकी ओळखता येतं. ताप मोजून आजार ओळखावा तसं.

वेळ ५:३० तासांनी मागे दिसते: यूटीसीतली वेळ रूपांतर न होता पडद्यावर आली. याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे मायएसक्यूएलमधून आलेली ‘२०२६-०३-०८ १४:००:००’ ही स्ट्रिंग तशीच जावास्क्रिप्टला दिलेली असते. शेवटी झेड (यूटीसीची खूण) नाही, म्हणून ब्राउझर ती स्थानिक समजतो. जुन्या सफारीत तर मधली रिकामी जागा पाहून थेट ‘इनव्हॅलिड डेट’. पीएचपीतून पाठवताना डेट ॲटम फॉरमॅट वापरा. मध्ये टी येतो, शेवटी +००:०० येतं, कुठल्याही ब्राउझरला शंका राहत नाही.

५:३० ने पुढे: कोणीतरी १९८०० सेकंद (साडेपाच तास) हाताने मिळवले आणि शिवाय लायब्ररीनेही रूपांतर केलं. कोडमध्ये १९८०० शोधा, सापडेल.

११ तासांचा फरक: चिन्ह उलटं पडलंय, किंवा तेच रूपांतर दोनदा जास्तीचं झालंय. गेटटाइमझोनऑफसेट भारतात −३३० देतं, +३३० नाही. ते यूटीसीतून स्थानिक वजा करतं. दुसरं उलटं प्रकरण म्हणजे ईटीसी/जीएमटी−५ हे झोनचं नाव. ते ग्रीनिचच्या पाच तास पुढे आहे, मागे नाही. पोस्टग्रेसमध्ये झोन म्हणून ‘यूटीसी+५:३०’ लिहिलंत तरी हेच होतं, पोझिक्सची जुनी रीत.

३:३० चा फरक: ‘आयएसटी’ (इंडियन स्टँडर्ड टाइम) हे लघुरूप इस्रायलचं समजलं गेलंय. पोस्टग्रेसच्या मूळ सेटिंगमध्ये आयएसटी म्हणजे +२. टाइमझोनॲब्रिव्हिएशन्सला ‘इंडिया’ द्यायची सोय आहे, पण लघुरूप वापरूच नये हे बरं. आयर्लंडही त्याच तीन अक्षरांवर हक्क सांगतो.

५:५३ दिसलं तर मात्र शंकाच नको, पायथॉनचं पायटीझेड हे झोनचं पॅकेज. झोन थेट डेटटाइमच्या टीझेडइन्फोला दिला की ते यादीतली पहिली नोंद उचलतं आणि ती असते कलकत्त्याची जुनी स्थानिक वेळ. लोकलाइज वापरा, नाहीतर पायथॉन ३.९ पासूनचं झोनइन्फो घ्या. विंडोजवर झोनइन्फोसाठी टीझेडडेटा हे पॅकेज वेगळं टाकावं लागतं.

आणि बरोबर १ तासाचा फरक, तोही वर्षातले काही महिनेच: झोनच्या नावाऐवजी ऑफसेट साठवलाय.

ओट्यावरचा:

ठीक, पण दाखवण्याबद्दल मी म्हटलं ते खोडलं नाहीत कोणी. ब्राउझरला वापरकर्त्याचा झोन माहीत असतो, सर्व्हरला नसतो. मग सर्व्हरने कशाला मधे पडायचं?

खटका:

ई-मेल, एसएमएस, पीडीएफ पावती. तिथे ब्राउझर कुठून आणणार?

लंबक:

तेच. माझी वाटणी अशी: हिशेब आणि निर्णय सर्व्हरवर, दाखवणं ब्राउझरवर, आणि झोनचं नाव ब्राउझरकडून एकदा विचारून प्रोफाइलमध्ये. एचटीटीपीत भाषेसाठी हेडर आहे तसं झोनसाठी नाही, त्यामुळे विचारल्याशिवाय कळत नाही. आयपीवरून ओळखायच्या फंदात पडू नका; व्हीपीएन लावला किंवा ऑफिसचं नेटवर्क दुसऱ्या देशातून बाहेर पडत असेल तर दुबईचा माणूस ॲमस्टरडॅमचा होतो.

ब्राउझरमध्ये इंटल डेटटाइमफॉरमॅटच्या रिझॉल्व्हडऑप्शन्समधून टाइमझोन मिळतो. तो कुकीत टाका आणि खाते असेल तर प्रोफाइलमध्येही. दोन्ही वेगळे निघाले तर गुपचूप बदलू नका. पुण्याचा विद्यार्थी आठ दिवस दुबईला गेला म्हणून त्याचे सगळे ई-मेल दुबईच्या वेळेने जायला नकोत. ‘वेळा दुबईच्या घड्याळाने दाखवू का?’ एवढं विचारा.

आता एक खड्डा, अर्धविराम यांच्या कामाचा. क्रोम भारतात झोनचं नाव एशिया/कलकत्ता असं जुन्या स्पेलिंगने देतं, फायरफॉक्स एशिया/कोलकाता देतं. पीएचपीत आलेलं नाव तपासायला लोक टाइमझोनआयडेंटिफायर्सलिस्टमध्ये शोधतात आणि त्या यादीत जुनी नावं नसतात. म्हणजे नेमके भारतातले क्रोमवाले नापास! यादी मागताना ‘ऑल विथ बीसी’ हा पर्याय द्या आणि साठवण्याआधी कलकत्ता असेल तर कोलकाता करा. डेटटाइमझोन बनवून अपवाद पकडण्याची युक्ती चालते, फक्त ती ‘+०५:३०’ आणि ‘आयएसटी’ यांनाही पास करते हे लक्षात ठेवा.

पावणेदोन:

कलकत्त्याचं हे प्रकरण जावावाल्यांनाही छळतं. विंडोजवर जावाचा डिफॉल्ट झोन एशिया/कलकत्ता येतो, डेटाबेसशी जोडणारा जेडीबीसी ड्रायव्हर जोडणी करताना तेच नाव पोस्टग्रेसला कळवतो. नव्या डेबियन आणि उबुंटू २४.०४ या लिनक्समध्ये जुनी नावं टीझेडडेटा-लेगसी या वेगळ्या पॅकेजात गेली आहेत, त्यामुळे तिथला पोस्टग्रेस जोडणीच नाकारतो. संदेशात ‘इनव्हॅलिड व्हॅल्यू फॉर पॅरामीटर टाइमझोन’ येतं आणि माणूस पासवर्ड तपासत बसतो. जावाला सुरू करताना यूझर.टाइमझोन एशिया/कोलकाता द्या, सुटतं.

जर्सीकर:

वेळ दाखवण्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे वर्ग कोणाच्या घड्याळाला बांधलाय. इथे शनिवार-रविवारी मुलांच्या वेळा ठरलेल्या असतात, त्यामुळे हे आधीच स्पष्ट करा.

२०२६ चं उदाहरण घ्या. रविवार संध्याकाळ ७:३० पुणे म्हणजे यूटीसी १४:००. न्यू जर्सीत १ मार्चला सकाळी ९:००. ८ मार्चला इथे घड्याळं तासभर पुढे गेली की तोच वर्ग १०:०० वाजता. लंडनमध्ये घड्याळ २९ मार्चला पुढे जातं, म्हणून तिथे २२ मार्चपर्यंत दुपारी २:०० आणि २९ पासून ३:००. मधल्या तीन आठवड्यांत न्यूयॉर्क-लंडन अंतर पाचऐवजी चार तास असतं. परतीच्या वाटेवर लंडन २५ ऑक्टोबरला मागे येतं, अमेरिका १ नोव्हेंबरला. दुबईत कायम संध्याकाळी ६:००. सिडनीचं उलटं, तिथे आपल्या हिवाळ्यात उन्हाळी वेळ असते, त्यामुळे वर्ग रविवारची रात्र उलटून सोमवार लागल्यावर १:०० वाजता पडतो आणि एप्रिलपासून रात्री १२:०० वाजता. वार बदलतो! ‘दर रविवारी’ हा शब्द सिडनीकराला दाखवला तर तो एक दिवस आधी नाहीतर सहा दिवस उशिरा येईल.

अर्धविराम:

सिडनीचे दोघंच आहेत, त्यांच्यासाठी गुरुजी सकाळची तुकडी काढणार आहेत. पण एक तुकडी न्यू जर्सीच्या ताई शिकवतात, रविवारी सकाळी ९ ला त्यांच्या घड्याळाने. विद्यार्थी भारतातले. पुढच्या बारा वर्गांच्या नोंदी लूप लावून ६,०४,८०० सेकंद मिळवत तयार केल्या आहेत.

जर्सीकर:

मग मार्च ओलांडला की ताईंचा वर्ग १०:०० वाजता दिसेल. सात दिवसांचे सेकंद मिळवणं आणि एक आठवडा पुढे जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पीएचपीत डेटटाइमइम्युटेबल अमेरिका/न्यूयॉर्क झोनने बनवा आणि मॉडिफायला ‘प्लस १ वीक’ द्या, म्हणजे ९:०० हे ९:०० च राहतं. यूटीसीत रूपांतर प्रत्येक नोंदीचं स्वतंत्र करा, लूपच्या आत, शेवटी. भारतातल्या मुलांना हा वर्ग ८ मार्चपासून ७:३० ऐवजी ६:३० ला दिसेल, ते बरोबरच आहे. आठवडाभर आधी ई-मेल मात्र पाठवा.

बाकी पहाटे २:३० सारख्या वेळा टाळा. ८ मार्चला न्यूयॉर्कमध्ये २:०० ते ३:०० हा तासच नसतो आणि १ नोव्हेंबरला १:३० दोनदा वाजतात. जावास्क्रिप्टची डेट नसलेली २:३० निमूटपणे ३:३० करून टाकते. तबल्याला कोणी त्या वेळी बसणार नाही, पण रात्रीची स्वयंचलित कामं नेमकी तेव्हाच लावलेली असतात. जावास्क्रिप्टच्या नव्या टेम्पोरलमध्ये (डेटची जागा घेणारी सोय) अशा वेळी काय करायचं ते स्वतः सांगता येतं, हवं तर ‘रिजेक्ट’. फायरफॉक्समध्ये ते १३९ पासून आहे. ज्या ब्राउझरांत ते नाही त्यांच्यासाठी पॉलिफिल (उणीव भरून काढणारी स्क्रिप्ट) जोडा.

खटका:

पीएचपी-मायएसक्यूएलची मांडणी, शेअर्ड होस्टिंगच्या मर्यादेत:

पीएचपीचा डिफॉल्ट झोन डेटडिफॉल्टटाइमझोनसेटने यूटीसी करा, सगळीकडे समाविष्ट होणाऱ्या पहिल्या फाइलमध्ये. पीडीओने (पीएचपीची डेटाबेस-जोडणी) जोडताना इनिट कमांडमध्ये ‘सेट टाइम_झोन = +००:००’ द्या. हे दोन्ही हवं. एकच केलंत तर पीएचपीने भरलेला तयार-झाल्याचा कॉलम आणि मायएसक्यूएलच्या नाउने भरलेला बदलल्याचा कॉलम यांत ५:३० चा फरक पडतो आणि नोंद तयार होण्याआधीच बदललेली दिसते.

इथे आकडाच द्या, नाव नको. शेअर्ड होस्टिंगवर मायएसक्यूएलचे झोन-तक्ते बहुधा भरलेले नसतात. तक्ते रिकामे असले की कन्व्हर्टटीझेडला एशिया/कोलकाता दिल्यावर चूक दाखवली जात नाही, गप नल (रिकामी किंमत) येतं. नल परवडत नाही, अख्खा अहवाल रिकामा होतो आणि कारण कळत नाही. स्वतःचा सर्व्हर असेल तर मायएसक्यूएल_टीझेडइन्फो_टू_एसक्यूएल ही आज्ञा यूएसआर/शेअर/झोनइन्फो या फोल्डरवर चालवून तिचं आउटपुट मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये ओता.

टाइमस्टॅम्प प्रकार सेशनच्या (चालू जोडणीच्या) झोनप्रमाणे स्वतः रूपांतर करतो आणि त्याची धाव १९ जानेवारी २०३८ च्या ०३:१४:०७ यूटीसीपर्यंतच आहे. मागे १९७० पर्यंत. डेटटाइम जे दिलं ते ठेवतो. मी डेटटाइम घेतो आणि कॉलमच्या नावाला शेवटी _यूटीसी लावतो. घड्याळी वेळेच्या कॉलमला _लोकल, शेजारी झोनचा कॉलम. नाव वाचूनच कळलं पाहिजे आत काय आहे.

पोस्टग्रेसवाल्यांसाठी एक ओळ: टाइमस्टॅम्पटीझेड झोन साठवत नाही. नावावर जाऊ नका. तो यूटीसी क्षण ठेवतो आणि सेशनच्या झोनने दाखवतो.

अर्धविराम:

वर्ग नोंदवण्याचा फॉर्म डेटटाइम-लोकल इनपुटचा आहे. त्यातून झोन येत नाही ना?

लंबक:

येत नाही, आणि यायलाही नको. ‘२०२६-०३-०८’, टी, ‘१९:३०’ एवढंच येतं. ती डेटमध्ये घालून यूटीसी करून पाठवू नका. तशीच पाठवा, सोबत झोनचा ड्रॉपडाउन ठेवा, त्यात शिक्षकाच्या प्रोफाइलचा झोन आधीच निवडलेला. रूपांतर पीएचपी करेल. गुरुजी लंडनला कार्यक्रमाला गेले आणि तिथून पुण्याचा वर्ग नोंदवला तर ब्राउझरचा झोन लंडनचा असेल, वर्ग पुण्याचाच.

दाखवताना पीएचपीने टाइम टॅग लिहावा. डेटटाइम ॲट्रिब्यूटमध्ये झेडसह यूटीसी, आत वाचता येईल असा मजकूर वर्गाच्या मूळ झोनने आणि झोनचं नाव लावून: ‘रवि. ८ मार्च, सायं. ७:३०, भारतीय वेळ’. मग दहा ओळींची जावास्क्रिप्ट सगळे टाइम टॅग शोधून मजकूर बदलते. स्क्रिप्ट बंद पडली तरी पान खरंच सांगतं. शिवाय पान सगळ्यांना सारखंच जातं, म्हणून कॅश करता येतं (एकदा बनवून साठवता येतं). कुकी वाचून सर्व्हरवरच प्रत्येकाच्या झोनने पान बनवलंत तर सीडीएनने (पानांच्या प्रती ठेवून वाटणारे सर्व्हर) पहिल्या माणसाची वेळ साठवून सगळ्यांना वाटायला सुरुवात केलीच म्हणून समजा.

रिॲक्ट, नेक्स्ट या फ्रेमवर्कवाल्यांना हायड्रेशन (सर्व्हरने बनवलेलं पान ब्राउझरने ताब्यात घेणं) जुळत नसल्याची तक्रार येते ती यामुळेच: सर्व्हरने यूटीसीत रंगवलं, ब्राउझरने कोलकात्यात. पहिला रेंडर दोन्हीकडे मूळ झोनने करा, स्थानिक वेळ यूजइफेक्टमध्ये. झोन सारखा असूनही कधी कधी जुळत नाही. नोड २० मधल्या आयसीयूने (तारखा-वेळा भाषेप्रमाणे लिहिणारी लायब्ररी) इंग्रजी वेळेत एएम-पीएमच्या आधी साध्या जागेऐवजी अरुंद न तुटणारी जागा घातली होती. डोळ्यांना फरक दिसत नाही, तुलना मात्र फसते.

पावणेदोन:

मराठी साइट असेल तर अजून एक. लोकेल (भाषा-देशाचा संकेत) एमआर-आयएन दिलं की इंटल आपोआप देवनागरी अंक देतं, हिंदीत देत नाही. दाखवायला छानच. पण त्या मजकुरातून परत आकडे काढून हिशेब करणारा कोड कुठे असेल तर नॅन (‘आकडा नाही’) येईल. रोमन अंक हवे असतील तिथे लोकेलला यू-एनयू-लॅटन ही शेपटी लावा.

अर्धविराम:

महिनाअखेर परीक्षा असते, वीस मिनिटांची, पडद्यावर उलटी गिनती. ती तर ब्राउझरमध्येच ना?

खटका:

गिनती ब्राउझरमध्ये, मुदत सर्व्हरवर. फोनचं घड्याळ दहा मिनिटं मागे करणं पोरांना जमतं. पान देताना सर्व्हरने आपली आत्ताची वेळ आणि संपण्याची वेळ दोन्ही पाठवावी. ब्राउझरने त्यांची वजाबाकी करून उरलेले मिलिसेकंद घ्यावे आणि पुढे परफॉर्मन्स.नाउने मोजावं; घड्याळ कोणी फिरवलं तरी त्याच्यावर परिणाम होत नाही. टॅब मागे गेला की सेटइंटरव्हल मंदावतं, म्हणून प्रत्येक टिकटिकीला एक वजा करत बसू नका, दरवेळी नव्याने वजाबाकी. उत्तरपत्रिका घेताना सर्व्हरने स्वतःची वेळ पाहून ठरवायचं, नेटवर्कसाठी काही सेकंदांची सवलत धरून.

ओट्यावरचा:

मान्य, माझं उत्तर आखूड होतं. पण हिशेबाच्या अहवालांत यूटीसीने काय बिघडतं ते कोणी सांगितलं नाही.

लंबक:

यूटीसीत साठवल्याने नाही, यूटीसीत दिवस मोजल्याने बिघडतं. कॉलमवर डेट फंक्शन लावून ग्रुप बाय केलं की तुमचा दिवस पहाटे ५:३० ला सुरू होतो. मध्यरात्र ते ५:३० मधली फी आदल्या दिवसात. एरवी कोणाच्या लक्षात येत नाही, पण १ एप्रिलला येतं: त्या पहाटेच्या पावत्या ३१ मार्चला, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतात आणि सीए फोन करतो. २०२६-२७ चं वर्ष यूटीसीत ३१ मार्च २०२६ १८:३० पासून (ते धरून) ३१ मार्च २०२७ १८:३० पर्यंत (ते सोडून). अशी हद्द पीएचपीत काढून क्वेरीला द्या. कॉलमला फंक्शन गुंडाळलं नाही म्हणून इंडेक्सही (शोध जलद करणारी सूची) वापरला जातो.

क्रॉनचंही (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) तसंच. सर्व्हर यूटीसीवर असेल तर भारतातली मध्यरात्र म्हणजे ‘३० १८’ (आधी मिनिटं, मग तास). सोमवारी ००:०० ला चालवायचं काम रविवारी लावावं लागतं. आणि ‘दर महिन्याच्या १ तारखेला ००:००’ हे साध्या क्रॉनमध्ये लिहिताच येत नाही, कारण आदल्या महिन्याचा शेवटचा दिवस कधी २८, कधी ३१. रोज १८:३० ला स्क्रिप्ट चालवून आत कोलकात्याच्या झोनने तारीख १ आहे का ते पाहा. रेड हॅट कुळातल्या लिनक्सवरच्या क्रॉनीमध्ये क्रॉन_टीझेड चालतं. लिनक्सच्याच सिस्टमडीच्या टायमरमध्ये ऑनकॅलेंडरच्या शेवटी झोनचं नाव लिहिता येतं, तो सगळ्यात स्वच्छ मार्ग. पण शेअर्ड होस्टिंगवर मिळणार नाही.

जर्सीकर:

थोडं अवांतर. जुन्या तारखांची साइट कोणी करत असेल, वंशावळ किंवा पत्रिका, तर भारत कायम +५:३० होता हे गृहीत धरू नका. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात घड्याळं तासभर पुढे, +६:३०. १९४३ चा जन्म मध्यरात्रीचा क्षण म्हणून साठवला आणि दाखवताना हाताने ५:३० मिळवले तर रात्रीचे ११ येतात, तारीख आदली. एशिया/कोलकाता या नावाने केलं तर बरोबर येतं, यादीत हा बदल आहे.

पावणेदोन:

आणि मुंबईचं त्यात नाहीच. भारतीय प्रमाणवेळ १९०६ ला आली, पण मुंबईत ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत वापरात होती, ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. झोन-यादीत मुंबईसाठी वेगळी नोंद नाही. पत्रिकेच्या सॉफ्टवेअरला तेव्हाची जन्मवेळ कोणत्या घड्याळाची हे माणसालाच विचारावं लागतं.

अर्धविराम:

तपासायचं कसं? सगळ्यांचे लॅपटॉप भारतीय वेळेवर आहेत.

खटका:

क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये सेन्सर्स नावाचा पॅनल आहे. ठिकाण बदललं की त्या टॅबचा झोनही बदलतो. आपलं ठिकाण जोडताना झोनचं नाव लिहिता येतं. प्लेराइट या चाचणीच्या साधनात टाइमझोनआयडी, नोडच्या आज्ञेआधी टीझेड. पीएचपी ते टीझेड पाहत नाही, तिथे पीएचपी.आयएनआयमधला डेट.टाइमझोन बदला, आणि कोडमध्ये डिफॉल्ट झोन बसवला असेल तर तोही. न्यूयॉर्क, लंडन, काठमांडू एवढे घ्या. काठमांडू +५:४५ आहे, अर्ध्या तासापुरता विचार केलेला कोड तिथे उघडा पडतो. हौस असेल तर ऑस्ट्रेलियाचं लॉर्ड हाऊ बेट: उन्हाळी वेळ अर्ध्याच तासाची.

कंटेनरमध्ये अल्पाइन हे छोटं लिनक्स घेत असाल तर टीझेडडेटा पॅकेज टाका. ते नसेल तर टीझेड लावूनही वेळ यूटीसीच राहते, तक्रार न करता.

अर्धविराम:

जुन्या सुमारे चार हजार नोंदी भारतीय वेळेत आहेत, त्यांचं काय?

लंबक:

जागच्या जागी अपडेट करू नका. मधे क्वेरी तुटली, कोणी पुन्हा चालवली, की काही ओळी ११ तास मागे जातात आणि कोणत्या ते शोधायला मार्ग राहत नाही. नवा _यूटीसी कॉलम जोडा, त्यात कन्व्हर्टटीझेडने ‘+०५:३०’ वरून ‘+००:००’ करून भरा, तेही नवा कॉलम नल असलेल्या ओळींपुरतंच. आकड्यांनी दिलंय म्हणून झोन-तक्ते नसले तरी चालतं. त्याआधी नाउने भरलेले कॉलम वेगळे काढा. मायएसक्यूएल यूटीसीवर असेल तर ते आधीच यूटीसीत असणार. वीसेक ओळी पेमेंट गेटवेच्या पावत्यांशी ताडून पाहा, त्यावर वेळ छापलेली असते. ताईंच्या तुकडीच्या पुढच्या नोंदी मात्र बदलत बसू नका, काढून टाका आणि न्यूयॉर्कच्या झोनने नव्याने तयार करा.